अण्णांचा खरकटा हात

लातूर, एप्रिल, रविवार संध्याकाळ

भांडी घासायला पाणी नाही, म्हणून पिंकीचा वाढदिवस औसा रोडच्या नव्या हॉटेलात करायचं मीच ठरवलं. माझे वडील, अण्णा, नातीसाठी अहमदपूरहून आले. जेवण छान होतं. पण प्लेटा कागदाच्या आणि बेसिनच्या नळाला चिंधी बांधलेली. वेटरनं कागदी रुमाल दिला, अण्णांनी घेतलाच नाही. हात पुसला म्हणजे काय धुतला, म्हणाले. मी टेबलावरची बाटली उघडली.

"प्यायचं पाणी हातावर वतायलीस? न्हाई. घरी जाऊन धुतो."

घरी! टँकर उद्या येणार. घरात आहे तो फक्त प्यायचा माठ, तोही अर्धा. हे तिथेच सांगायला हवं होतं का? सांगून तरी काय झालं असतं? रिक्षात अण्णा तो खरकटा हात अंगापासून लांब धरून बसले होते.

घरात शिरताच पिंकी पाया पडली. दर वाढदिवसाला अण्णा तिच्या डोक्यावर हात ठेवतात. मी माठाकडे वळले, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. उजवा हात तिच्या केसांवर नेला आणि वरच धरला, वरण वाळलेला.

पिंकी वाकलेलीच.

"आजोबा, ठेवा की."