उन्हासमोर धरलेलं हेड

पांढरकवडा,
५ एप्रिल २०२५

ती. देवसिंगमामा यांस,
समीक्षाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं तुम्ही वाचत नाही, म्हणून हे पत्र राळेगावच्या एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे. कौसल्यामामींची कंबर कशी आहे? बाजारातल्या सगळ्यांच्या कूलरच्या गवताच्या ताट्या त्यांच्या भरून झाल्या का?

नागपूरच्या डॉक्टरांची जुनी लाल स्पोर्ट्स गाडी आपल्या शेडमध्ये आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. इंजिन मागे, पाणी नाही, रेडिएटर नाही. पंखा हवा ढकलतो आणि सिलिंडर-हेडांच्या फिनमधून, म्हणजे बाहेरच्या पातळ पात्यांच्या फटींतून, ती जाते, तेवढ्यावरच थंडावा. जुनी दोन्ही हेडं तडकली होती. मी मोठ्या व्हॉल्व्हची नवी बसवली. आतले इंधन-हवेचे मार्ग सात दिवस घासून आरशासारखे केले. गाडी पळतेही झकास. पण पैनगंगेच्या पुलापर्यंत जाऊन परत वळलं की तेलाचा काटा लाल पट्टीत. टायमिंग बदललं, कार्ब्युरेटरचे जेट बदलले, तेल बदललं. काटा तिथेच.

डॉक्टर रविवारी, तेराला, येणार आहेत. त्यांना मी सांगून बसले की जुन्या इंजिनातच दोष असावा. बाबा म्हणतात की गाडी पुण्याला पाठवून दे आणि तूही पुण्याच्या कंपनीतल्या नोकरीला हो म्हण. रविवारी जमलं नाही, तर शेडची माझी बाजू ते टायरवाल्याला देणार. कॉलेजात मी सगळ्यांना सांगत फिरायचे की चांगलं काम करायला गाव सोडावं लागत नाही. आता जेवताना ताटातही इंजिन दिसतं. तुमच्या शेतातल्या पंपाचं इंजिनही असंच हवेवर थंड होणारं होतं ना? काही सुचवा.

आपली भाची,
समीक्षा


राळेगाव,
८ एप्रिल

चि. समीक्षाले,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. कंडक्टरनं दोन दिवस खिशातच ठेवलं होतं, म्हणून उशीर. तू एवढी काहून घाबरून राह्यली? इंजिन तापलं तर इंजिन तापलं, तू कायले तापतं? तुझा बाप लखीराम तोंडानं पुणे पुणे करते, पण मागच्या महिन्यात इथं आला तर अर्धा तास तुझंच कौतुक करत होता. मले कमी ऐकू येते हे विसरूनच गेलता, ते तर मामीनं मंग सांगतलं. मी नुसती मान हालवत होतो.

माझा पंप तापायचा तर मी बाजूले घरचा टेबल फॅन लावत होतो. तू बी एक मोठा पंखा बसव. माझ्या डोक्यात तर हेच येते.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचून राह्यलो होतो, तर तुझी मामी ताटी भरता भरता थांबली. म्हणे, पोरीले इचारा, हेड उन्हासमोर धरून पाह्यलं का. गवत दाबून भरलं की ताटी दिसाले लय सुंदर दिसते, पण हवा जात नाही. म्हणून ते हरेक ताटी उन्हाकडे धरते, उजेड दिसला तरच कूलरले लावते. मी म्हटलं, हेड म्हणजे काय ताटी आहे? तर म्हणे, हे लिहिलं नाही तर आज भाकर भेटत नाही. म्हणून लिहिलं. मनावर घेऊ नको.

जेवत जा. माया आहेच.

तुझा,
देवसिंगमामा


पांढरकवडा,
१४ एप्रिल

ती. मामा आणि ती. मामी यांस,
शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले. मग गाडीची दोन्ही नवी हेडं उतरवली. अंगणात भर दुपारी जुनं तडकलेलं हेड उन्हासमोर धरलं, तर फिनच्या मधून उजेडाच्या रेघा. नवं धरलं, तर काळोख. कारखान्यात हेड ओतताना राहिलेल्या धातूच्या पापुद्र्यानं सगळ्यात तापणारी जागाच बुजली होती. आतून मी आरसा केला आणि बाहेरून एकदाही पाहिलं नाही. नवं आहे म्हणजे नीटच असणार, असं धरून चालले. बाबा मागे उभे होते. त्यांनी पातळ कानस आणून दिली. तीन दिवस आम्ही दोघांनी एकेक फट मोकळी केली.

काल डॉक्टर आले. दोष जुन्या इंजिनाचा नव्हता, माझ्या नजरेचा होता, हे मी त्यांना आधीच सांगितलं. त्यांनी किल्ली मागून घेतली. मग बाबांना शेजारी बसवून पुलाकडे गेले. तासाभरात यायला हवे होते. दीड तास झाला, दोन झाले. बाबा फोन उचलेनात. मी शेड तीनदा झाडली.

तीन तासांनी आले. डॉक्टरांनी काटा दाखवला, मध्यावर. बाबांनी त्यांना पुलावर वळूच दिलं नव्हतं. पोरीचं काम आहे, पुढे चला, म्हणत थेट आदिलाबादला नेऊन चहा पाजला. परतताना टायरवाल्याच्या दारात गाडी थांबवली आणि शेड रिकामी नाही म्हणून सांगून आले.

पुण्याच्या कंपनीला आज मी ‘नाही’ असं कळवून टाकलं.

सकाळी उठले तर बाबा घरच्या कूलरच्या ताट्या काढून एकेक उन्हासमोर धरत होते. दोन नापास केल्या. त्या मामींकडे भरायला घेऊन येत्या रविवारी मी येते आहे. मामा, भाकर माझ्यासाठीही ठेवा, आणि माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
समीक्षा