जोसाया पॅलिनचे पांढरे हातमोजे

मी, हेस्टर ऑगस्टा पॅलिन, वय वर्षे चौऱ्याऐंशी, राहणार मिल हाऊस, ब्रॅमफोल्ड, या काउंटीची माजी हाय शेरीफ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकेल असा एकच माणूस होता, माझा धाकटा भाऊ लँबर्ट, आणि तो कित्येक वर्षांत माझ्याशी बोललेला नाही. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर व बाग लँबर्टची मुलगी रोझमंड हिला द्यावी. नदीकडची खिडकी कोपराने रेटल्याशिवाय लागत नाही, हे तिला आत्ताच सांगून ठेवते.

२. बागकामाची अवजारे शेजारचे श्री. टकवेल यांना. माझी मोठी कात्री त्यांनी केव्हाच नेली आहे, ती आता रीतसर त्यांची झाली.

३. शेरीफची तलवार माझी नव्हे, काउंटीची. ती आमचे उपशेरीफ, वकील श्री. गुडरम यांच्याकडे पोचवावी. मी ती म्यानातून एकदाच काढली, केक कापायला. गुडरम यांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता.

४. आता लँबर्ट. शेरीफपदासाठी दर वर्षी तीन नावांची यादी वर जाते आणि राजदरबारी त्यातल्या एका नावापुढे सुईने भोक पाडतात; भोक ज्याच्यापुढे, तो त्या वर्षीचा शेरीफ. पहिले नाव माझे होते, दुसरे त्याचे. खालचे नाव पुढच्या वर्षी वर सरकते, म्हणजे त्याला फक्त वर्षभर थांबायचे होते. पण मी आमचे पूर्वज, एके काळचे शेरीफ जोसाया पॅलिन यांचा शेरीफपदाचा मखमली कोट माझ्या अंगाबरोबर आटवून घेतला आणि स्वारी भडकली. "बहिणीचा उतरलेला कोट मी घालणार नाही," असे सुनावून त्याने नाव मागे घेतले ते घेतलेच. एवढा हेकट माणूस आमच्या घराण्यातच निपजायचा.

खरे दुखणे कोटाचे नव्हते, हे मला माहीत आहे. हजार वर्षांपूर्वी शेरीफ म्हणजे काउंटीतला राजाचा उजवा हात. सारा वसूल करायचा, चोर धरायचे, फौज गोळा करायची. पुढे राजांनी एकेक काम काढून घेतले आणि माझ्या वाट्याला न्यायाधीशांना जेवू घालणे तेवढे उरले. जोसायांच्या काळी मात्र फाशी देवविणे शेरीफकडेच होते. फाशी देणारा मिळाला नाही तर शेरीफने ते स्वतः उरकायचे. त्यांच्या वर्षी एका मेंढीचोराला फाशी झाली आणि आमचे नाव पडले 'फाशीवाले पॅलिन'. लँबर्ट शाळेतून रडत यायचा. माळ्यावर आम्ही तो कोट घालून खेळायचो, पण जोसाया व्हायला तो कधी तयार झाला नाही.

५. कोट आटवताना शेपटाच्या अस्तरात मला पांढऱ्या हातमोज्यांची जोडी सापडली. एकदाही न घातलेली. मला नसत्या चौकशा करायची खोड आहेच, मी गुडरमना पिडले. ते म्हणाले, न्यायाधीश गावोगाव खटले चालवत फिरायचे, त्या फेरीत एकालाही फाशी झाली नाही, तर शेरीफ त्यांना पांढरे हातमोजे भेट द्यायचा, अशी रीत होती. म्हणजे जोसायांनी हे मोजे खटले उभे राहण्याआधीच आणून ठेवले असणार, आणि फाशी झाल्यामुळे ते द्यायचे राहिले! मी तडक लँबर्टला फोन केला. "म्हातारा चिक्कू होता, स्वतःसाठी घेतले असतील," म्हणाला आणि फोन आपटला. तेच आमचे शेवटचे बोलणे.

स्वतःसाठी कसे घेतील? पॅलिनांचे पंजे फावड्यासारखे, माझेसुद्धा. ते मोजे माझ्या बोटांच्या पेरांवरच अडतात. पण माझ्या सांगण्यावर त्याचा विश्वास बसायचा नाही. म्हणून कोटाच्या शिवणी उसवून मी तो पुन्हा होता तसा केला आहे. कोट व हातमोजे लँबर्टला मिळावेत, अट एकच: त्याने या घरी येऊन, गुडरम यांच्यासमोर, ते स्वतःच्या हातात घालून पाहावेत. बसले तर तो खरा. न बसले, तर आपला म्हातारा त्या मेंढीचोराच्या जिवाची आशा धरून होता, हे त्याने मोठ्याने म्हणावे. मी ऐकायला नसेन, याचे मला फार वाईट वाटते.

सही: हेस्टर ऑगस्टा पॅलिन
साक्षीदार: एडमंड गुडरम, वकील, ड्रुसिला फेन, परिचारिका
ब्रॅमफोल्ड, ३ मार्च २०१८

पुरवणी

गुडरमना मी बजावले होते की लँबर्टला यातले अक्षर कळता कामा नये. त्यांच्या पोटात काही राहत नाही, हे मला ठाऊक होते. काल लँबर्ट त्यांच्यासोबतच आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "कुठायत ते?" उजवा मोजा पेरांवर अडला. मग डावा घालून पाहिला. मग परत उजवा.

"हेस्टी, आधीच आणून ठेवले होते गं त्याने," तो म्हणाला. "आधीच."

सबब कलम पाचमधली अट माझ्या डोळ्यांदेखत पुरी झाली असून ती रद्द करण्यात येत आहे. कोट पोटावर लागला नाही, तरी तो अंगावर घालूनच घरी गेला. हातमोजे मात्र मुद्दाम ठेवून गेला आहे. रविवारी न्यायला येतो म्हणाला.

सही: हेस्टर ऑगस्टा पॅलिन
साक्षीदार: वरीलप्रमाणेच
ब्रॅमफोल्ड, १५ मार्च २०१८