माकडहाड

प्रिय ऋता,

फोनवर तुला कंबर दुखते म्हणाले, ते अर्धंच खरं. दुखतं ते माकडहाड, कण्याचं अगदी खालचं टोक. तू कोलकात्यात वाढलीस, हा शब्द तुझ्या कानावरून गेलाही नसेल. मलाही तो डॉक्टरांना सांगता येईना. हिंदीत लाज वाटली, बंगालीत शब्द सुचेना, मी आपली 'कोमर, कोमर' करत राहिले. त्यांनी कमरेचा एक्स-रे काढून पट्टा दिला, तो तीन आठवडे आवळून बसले. रोग रेड्याला नि औषध पखालीला! शेवटी इथे आपल्या बेहाला भागातच व्यायाम शिकवणारी लीना आहे, तिला बोट लावून दाखवलं. मासिमा, हे आधी नाही का सांगायचं, म्हणून ती हसत सुटली.

आता मागे खाच असलेली उशी घेऊन फिरते. पुढे झुकून बसायचं, गरम पाण्यानं शेकायचं, लीनाचे व्यायाम करायचे. चार आणे गुण आहे. डॉक्टर म्हणतात, आता जागेवरच इंजेक्शन देऊन बघू, हाड काढणं अगदीच शेवटी. इंजेक्शनला सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. पण मी अजून हो म्हटलेलं नाही.

बाबा खाऊनपिऊन ठणठणीत आहेत. जेवणं झाली की खुर्च्या उचलून भिंतीला लावायची त्यांची सवय आठवते ना? बँकेतही मीटिंग संपली की साहेब असून स्वतः लावायचे. तू त्यांना खुर्चीमंत्री म्हणायचीस.

मी बाथरूममध्ये घसरले असं सगळ्यांना सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ऋता, मी घसरले नाही. पानं वाढून बसायला वाकले, आणि बाबांनी मागची खुर्ची उचलून भिंतीला लावली. जेवणं झाली असं वाटलं त्यांना. ताटातल्या भाताची वाफसुद्धा गेली नव्हती. मी खाली पडलेली, आणि ते अदबीनं वाकून विचारतात, "तुम्हाला फार लागलं का हो? तुमच्या घरी कुणाला कळवू?" बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं गं. अर्ध्या तासानं पुन्हा 'अगं, चहा टाक' सुरू झालं, म्हणून मी कुणाला खरं कळवलं नाही. त्यानंतर दोनदा तसंच 'तुम्ही' झालंय. इंजेक्शनच्या दिवशी त्यांना घरी एकटं कसं ठेवू?

कुणाला कळवू, असं त्यांनी विचारलं होतं. आज कळवते आहे. ये.

तुझीच,
आई