सातव्या टप्प्याची वही

मी, संजीव वामन मोडक, वय सहासष्ट, व्यवसाय जपानी भाषेचा दुभाषी, मूळ राहणार कोथरूड, पुणे, सध्या मुक्काम अल मुंतझा, दोहा, कतार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या महिन्यात पुण्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा इथल्या डॉ. नमिता राजाध्यक्ष यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. दबावाखाली मी आयुष्यात एकदाच सही केली. ती हकिकत कलम चारमध्ये आहे.

१. कोथरूडचा फ्लॅट आणि बँकांमधील सर्व शिल्लक माझी एकुलती एक मुलगी आसावरी, राहणार टोरांटो, हिला मिळावी. फ्लॅट विकायचा असल्यास तिने खुशाल विकावा. "आईबाबांची आठवण" म्हणून कुलूप लावून ठेवू नये. ह्या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. माझे थोरले बंधू यांना मी काहीही देत नाही. शशिकला, माझी पत्नी, तीन वर्षांपूर्वी इथे दोह्यात गेली. तिचा देह विमानाने पुण्याला नेला तेव्हा ते विमानतळावर आले नाहीत. गुडघा दुखत होता म्हणाले. त्याच आठवड्यात ते महाबळेश्वरला जाऊन आले. एवढे नोंदवून हा विषय मी संपवतो.

३. माझ्याजवळ जपानी खेळण्यांच्या कंपनीने काढलेली एकेचाळीस व्हिडिओ गेमची कार्ट्रिजे आणि ती चालवायचे जुने यंत्र आहे. हे सगळे मी हमीद यांना देणार होतो. हमीद मूळचे रत्नागिरीचे, आमच्याच गल्लीत त्यांचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे, आणि हे यंत्र आजवर त्यांनीच जिवंत ठेवले. पण ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी कळवले. मी हमीदना विचारले, "यंत्र हवं की सही करता?" ते म्हणाले, "भाऊ, यंत्र घेऊन काय करू? सही करतो. उद्या कोणी इचारलं तर सांगणारा माणूस तरी असेल." म्हणून यंत्र आणि चाळीस कार्ट्रिजे आसावरीला. एकेचाळिसावे कलम पाचप्रमाणे जाईल.

४. आता कंपनीविषयी. आसावरीला यातले फारसे माहीत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पुण्यात जपानी शिकून मी १९८४ साली टोकियोला गेलो आणि हिनोदे गांगू या कंपनीत लागलो. गांगू म्हणजे खेळणी. मालकांच्या वडिलांनी युद्धानंतर पत्र्याच्या मोटारींनी सुरुवात केली होती. मग रबरी बाहुल्या आल्या, मग घड्याळाच्या बॅटरीवर चालणारे हातातले छोटे खेळ. मी गेलो त्याच्या दुसऱ्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरचे बाहुल्यांचे गोदाम रिकामे करून तिथे व्हिडिओ गेमचा विभाग उघडला. आम्ही स्वतः एकही गेम बनवत नव्हतो. चार-पाच माणसांच्या छोट्या कार्यशाळा त्या बनवत. आम्ही आमचे नाव छापून विकायचो. मालक म्हणत, "गेम म्हणजे खेळण्याची जाहिरात. जाहिरात उशिरा आली तर तिचा काय उपयोग?" त्यामुळे प्रत्येक गेम घाईत निघे. परदेशी विक्रीसाठी इंग्रजी मजकूर लिहिणे आणि तो खेळून तपासणे हे माझे काम होते.

तपासायची खरे तर शशिकला. लग्न होऊन ती आली तेव्हा तिला जपानी येत नव्हते, शेजारी बोलायला कोणी नाही. मी घरी यंत्र आणून दिले. ती कढी उकळेपर्यंत खेळायची, आसावरीला मांडीवर घेऊन खेळायची, आणि काय बिघडले ते वहीत मराठीत लिहून ठेवायची. मी त्याचे जपानी करून विभागप्रमुखांपुढे ठेवायचो. तिसऱ्या मजल्यावर कोणालाच कळले नाही की त्यांची सगळ्यात चांगली परीक्षक आमच्या स्वयंपाकघरात बसते.

१९९० साली "अस्वल डॉक्टर" ही गेम आली. हे आमचेच खूप खपलेले खेळणे, पाठीवर औषधांची पेटी घेतलेले अस्वल. गेममध्ये ते डोंगर ओलांडून आजारी गावाकडे जाते. ती नोमुरा यांच्या कार्यशाळेने केली होती. नोमुरा हळू बोलणारा, जपानी असूनही चहात साखर घालून पिणारा माणूस. त्यांनी गेममध्ये केलेला बर्फ पाहून शशिकला म्हणाली होती, "बघा ना, थंडी वाजते."

गेम तयार झाली आणि कंपनीने अस्वलासाठी नवे हेलिकॉप्टर बाजारात आणायचे ठरवले. ते सातव्या टप्प्यात घाला, असा हुकूम गेला. नोमुरांनी तीन आठवडे मागितले. त्यांना सहा दिवस मिळाले.

बदललेली गेम हाती आल्यावर शशिकलाने चौथ्या दिवशी चूक पकडली. सहाव्या टप्प्यानंतर थांबून, परवलीचा शब्द टाकून पुन्हा खेळायला बसले, की सातव्या टप्प्यात नदीवर होडी येतच नसे. अस्वल काठावर उभे राही. पुढे जाता येत नसे. तिने तारीख घालून लिहिले, मी जपानी केले, विभागप्रमुखांनी त्यावर "वाचले" असा लाल शिक्का मारून कागद परत दिला. कार्ट्रिजे छापायला अजून अकरा दिवस होते. मी म्हणालो, "हे दुरुस्त करायला हवं." ते म्हणाले, "मुलं एका बैठकीत संपवतील."

मुलांनी संपवली नाही. नव्या वर्षात पोत्याने पत्रे आली. एका मुलीने लिहिले होते, "डॉक्टर गावात का पोचत नाहीत? तिथले लोक मरतील ना?" छापलेले कार्ट्रिज दुरुस्त करता येत नाही. कंपनीने जाहीर माफी मागितली आणि दोष कार्यशाळेच्या निष्काळजीपणाचा, आम्हाला आधी कल्पना नव्हती, असे छापले. त्याला आधार म्हणून, तपासणीत काहीही आढळले नाही, असा जबाब माझ्यासमोर ठेवला. माझा व्हिसा कंपनीच्या हातात होता. आसावरी एक वर्षाची होती. मी सही केली.

नोमुरांचा घरी फोन आला. "मोदाकु-सान, तुम्ही तर तपासलं होतं. मला फक्त एवढं सांगा, तुम्हाला ती चूक दिसली होती का?"

मी म्हणालो, "नाही."

शशिकला शेजारी उभी होती. तोपर्यंत तिला तेवढे जपानी येत होते. मी फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मी तुम्हाला लिहून दिलं होतं." त्यानंतर तिने यंत्राला हात लावला नाही.

नोमुरांना कोणीच काम देईना. कार्यशाळा बंद पडली, चार माणसे घरी बसली. १९९३ साली वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते हृदयविकाराने गेले. मी अंत्यदर्शनाला गेलो नाही. १९९६ साली इथल्या गॅसची जहाजे जपानला जायची होती, दुभाषी हवे होते, म्हणून आम्ही दोह्याला आलो. पुढे हिनोदे दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि गेमचा विभाग मिटला. शशिकला दर दोन-चार वर्षांनी विचारायची, "लिहिलंत का त्यांच्या घरी?" मी म्हणायचो, "लिहितो." शेवटचे तिने हॉस्पिटलमध्ये विचारले. तेव्हाही मी "लिहितो" म्हणालो.

५. "अस्वल डॉक्टर"चे कार्ट्रिज, शशिकलाची वही, लाल शिक्क्याचा मूळ कागद आणि माझा जपानी भाषेतला कबुलीजबाब हे सर्व नोमुरा यांच्या ~~पत्नीस~~ कन्येस मिळावे. त्या कागदांचे तिला जे करायचे ते तिने करावे. माझे नाव झाकू नये.

ही वही आसावरीला हवी होती. व्हिडिओ कॉलवर तिला सगळे सांगितले तेव्हा आधी ती म्हणाली, "बाबा, इट वॉज जस्ट अ गेम." मग मी वहीचे पान कॅमेऱ्यापुढे धरले. ती म्हणाली, "दॅट्स आईज हँडरायटिंग. माझ्याकडे आईचं काहीच लिहिलेलं नाही, बाबा. प्लीज." ती माझ्याशी मराठीत क्वचितच बोलते. मी नाही म्हणालो. मूळ वहीशिवाय पुरावा पुरा होत नाही. आसावरीसाठी हमीदच्या दुकानात प्रत्येक पानाची रंगीत प्रत काढून घेतली आहे. प्रत ही प्रतच असते, हे मला कळते. तिने मला माफ करावे.

६. माझा देह मी पुण्याबाहेर वारलो तर पुण्याला न्यावा, शक्य नसल्यास अडून बसू नये. दिवसकार्य नको.

७. वरील कलम पाचमधील खाडाखोडीचा खुलासा. हे सर्व लिहून झाल्यावर हमीदनी वाचले आणि विचारले, "भाऊ, तुम्ही मेल्यावर का? आज का नाही?" नोमुरांच्या कन्येचा, हिरोको यांचा, नंबर मी टोकियोतल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून मिळवला आणि काल दुपारी फोन केला. मी सगळे सांगितले. शेवटी मी विचारले, "आईंशी बोलता येईल का?"

त्या म्हणाल्या, "आई फेब्रुवारीत गेली. बाबांच्या स्मृतिदिनी ती दर वर्षी त्या चार कारागिरांच्या घरी जायची. दारात वाकून माफी मागायची, माझ्या नवऱ्याच्या चुकीमुळे तुमचं काम गेलं म्हणून. या वर्षी तिला चालवत नव्हतं, तर मी गेले."

मी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "कागद पाठवा," आणि फोन ठेवला.

कागद, वही आणि कार्ट्रिज आज सकाळी कुरियरने गेले. पावती सोबत आहे. कलम पाच आता निरुपयोगी आहे, तरी मी ते काढलेले नाही. "पत्नीस" हा शब्द खोडून "कन्येस" केला आहे. ती दुरुस्ती मी शुद्धीवर केली असून तिथे माझी व दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत.

ठिकाण : अल मुंतझा, दोहा
दिनांक : १४ मे २०२५

(सही) संजीव वामन मोडक

वरील सही मोडक यांनी आमच्यादेखत केली व आम्ही त्यांच्यादेखत केली :
१. (सही) हमीद इस्माईल परकार, दुकानदार, अल मुंतझा
२. (सही) डॉ. नमिता राजाध्यक्ष, मुऐदर, दोहा