बायो-इंजिनिअरिंग आणि सहादेवकाकांचा पाय

१२ फेब्रुवारी १९७३, सोमवार
आजपासून मी बायो-इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. बी.एस्सी.ला हा विषयच नाही, हा दोष विद्यापीठाचा. लायब्ररीतल्या अमेरिकन मासिकात त्यावर अख्खं दीड पान वाचलं. झूऑलॉजीचे सर म्हणाले, फिजिक्सला विचार. फिजिक्सचे म्हणाले, झूऑलॉजीला विचार. म्हणजे नगर जिल्ह्यात ह्या विषयात सर्वांत पुढे मीच.

१५ फेब्रुवारी
प्रोजेक्ट ठरलं. भिंगारचे आमचे शेजारी सहादेवकाका. ट्रकखाली डावा पाय गुडघ्यापासून गेला. त्यांच्या मुलीचं, चांगुणाचं लग्न ६ मेला. अंतरपाट धरला की कुबडीशिवाय उभं राहायचं, एवढीच त्यांची इच्छा. पुण्याच्या दवाखान्यात लाकडी पायासाठी मार्चातली तारीख मिळालीय. मी म्हटलं, पुणं कशाला? मी आहे ना! काका म्हणाले, "तुमी शिकलेली मानसं. तुमी म्हंता तर ऱ्हाऊ द्या पुनं."

३ मार्च
पुण्याची तारीख आज गेली. बरंच झालं. जबाबदारी पडली की माणूस झटून काम करतो. उद्यापासून पहाटे पाचला उठणार.

४ मार्च, सकाळी ९.१०
उठलो. उद्यापासून नक्की.

२१ मार्च
ड्रॉइंग अखेर पूर्ण. काकांचा धड पाय पाटावर ठेवून हुबेहूब माप घेतलं. एका सुताचा फरक नाही. तर गोरक्षनाथ सुतार म्हणतो, "आदी मानूस दावा, मंग करतो." वैताग! ड्रॉइंग असताना माणूस कशाला? देश मागे राहतो तो असल्या लोकांमुळे. शेवटी ड्रॉइंगवरूनच करायला लावलं.

११ एप्रिल
झूऑलॉजीचा पेपर. पायाच्या हाडांवर दहा मार्कांचा प्रश्न. सोडून दिला. प्रत्यक्ष काम करणाऱ्याने नावं पाठ करत बसायचं नसतं.

२ मे
पाय आला. सुरेख! बोटांना नखंसुद्धा. काका पट्टे आवळत होते, तेवढ्यात मालनकाकू चुलीपासूनच म्हणाल्या, "अवो, ह्यो तर उजवा हाय."
तपासलं. उजवा आहे. धड पाय उजवाच होता. मासिकात ह्या अडचणीचा उल्लेख नव्हता. गोरक्षनाथ म्हणतो, नवीन करायला पंधरा दिवस लागतील.
काकांनी पट्टे सोडले आणि पाय माझ्या हातात दिला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

४ मे
तासून डावा करायला घेतला. अंगठ्याची करंगळी झाली. करंगळीचा अंगठा होईना. आता तो कुठलाच पाय नाही.

६ मे
लग्न लागलं. काकांनी कुबडी मांडवाबाहेर ठेवायला लावली आणि सगळ्यांदेखत हाक मारली, "इंजिनेर, या हितं." माझ्या खांद्यावर हात टाकून ते सगळी मंगलाष्टकं उभे राहिले. भटजींनी वर दोन स्वतःची घातली. खांदा अजून ठणकतोय.
कुठल्या बाजूला उभं राहू, हे मात्र आधी दोनदा विचारून घेतलं.