पदक मिळालेला फोटो

सुंदरदादास भिवरेचा नमस्कार,

तुमी काढलेल्या फोटोला हैदराबादच्या अखबारानं सोन्याचं पदक दिलं, म्हणून आईनं गावात साखर वाटली. फोटोत बिंदुसरेच्या पुरात आमचे मालक एका हातानं कुंभाराची पोरगी वर धरून उभे हायेत. पोरगी पुढं बाभळीला अडकून वाचली. मालक वाहून गेले.

तवा तुमी रडत म्हणलात, "भिवरे, मी पोचलो तवा दाजी दिसलेच न्हाईत."

मग फोटोत ते दुसरा हात कुणाकडं पसरतेत? तुमच्या पुढ्यात काठावर बैलाचा कासरा पडलेला दिसतो. तो कावून फेकला न्हाई, दादा?

आईच्या कानी गेलं तर ती खचंल, म्हणून हे टपालात टाकत न्हाई. पण यंदा भाऊबीजेला येऊ नका, एवढंच कारडावर लिहून धाडते.

भिवरा