तिसऱ्या बराकीतले उजवे कान

प्रिय डावऱ्या,

तुझे दोन्ही निरोप मिळाले. फोन मी मुद्दामच उचलला नाही. फोनवर तू बोलत सुटतोस, मी नुसती हं हं करत राहते आणि शेवटी सगळं तुझ्या मनासारखं झालेलं असतं. लहानपणापासून हे असंच चालत आलंय, म्हणून यावेळी लिहायला बसले. तुझी बायको आणि भिंगरी माझ्याकडे सुखरूप आहेत. भिंगरीने स्वयंपाकघरातली सगळी भांडी एकदा जमिनीवर मांडली आहेत, जेवताना नखरे चालू आहेत, आत्याच्या घरी आल्यावर पोरांनी जे जे करायचं असतं ते सगळं ती करतेय. तिच्याबद्दल पुढे लिहिते. आधी तुझ्या मागणीचं बघू.

तू म्हणतोस, ताई, लेख खुशाल छाप, तुझं नाव होऊ दे, फक्त तेवढा एक तक्ता काढ. तो तक्ता तुला जेलच्या डॉक्टरने दाखवला हे उघड आहे. लेखावर माझ्या नावाखाली त्याचंही नाव होतं. मसुदा वाचला आणि त्याने नाव काढून घेतलं. तिसऱ्या बराकीतलं हे काम कोणाचं ते शेंबडं पोरही सांगेल, असं मला म्हणाला, आणि मग त्याने चक्क कानांवर हात ठेवले. कानाच्या डॉक्टरला हे लिहिताना हसू यायला हवं होतं. आलं नाही.

हे सगळं सुरू झालं तेही तुझ्यामुळेच. जेलरसाहेबांकडे शब्द तू टाकलास. माझी ताई कानाची डॉक्टर आहे, कैद्यांचे कान फुकटात तपासून देईल, असं सांगत तू सगळ्या कचेरीत मिरवलास. मला वाटलं होतं, मळ निघेल, पिकलेले कान निघतील, कारखान्यातल्या हातमागांच्या खटखटीने कमी ऐकू येणारे चार लोक निघतील, आणि एक साधासा लेख होईल. तपासणीला शांत खोली हवी होती. तुमच्या जेलमध्ये शांत खोली कुठली असायला, म्हणून तूच मला धान्याची कोठी उघडून दिलीस. छतापर्यंत पोती रचलेली, त्यामुळे बाहेरचा आवाज आत येत नसे. एकेक माणूस येऊन पोत्यांमध्ये बसायचा, मी त्याच्या कानांवर हेडफोन चढवायची, आवाज आला की बटण दाब म्हणून सांगायची. आणि कितीतरी जण बटणावर बोट ठेवून नुसते वाट बघत बसायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, यंत्रच बिघडलंय.

मग दुर्बीण घालून कान बघितले. आजाराने पडद्याला भोक पडतं ते गोल असतं, कडा गुळगुळीत असतात. फाडकन बसलेल्या थपडेने पडदा फाटतो तो कापड फाटावं तसा, वेडावाकडा, कडेला काळं रक्त. मी विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, न्हाणीत पडलो. एवढी माणसं एकाच न्हाणीत पडत असतील तर ती न्हाणी आधी बंद करायला हवी, असं मी एकदा वैतागून म्हणाले, तेव्हा समोरचा माणूस खदखदून हसला आणि हसता हसता कान दाबून धरून कळवळला. त्यानंतर मात्र ते बोलायला लागले. कोणाला मोजणीच्या वेळी उशिरा उठला म्हणून मारलं होतं, कोणाला वर बघितलं म्हणून, कोणाला खाली बघितलं म्हणून. एकाला दोघांनी हात धरून उभं केलं होतं आणि तिसऱ्याने दोन्ही कानांवर एकदम टाळी वाजवावी तसं मारलं होतं. तो सांगत होता की पाठोपाठ त्याला उलटी झाली, आणि ती त्यालाच चाटून पुसायला लावली. हे तो अशा आवाजात सांगत होता की जणू कोणाला कुठल्या रस्त्याने जायचं ते सांगतोय.

पहारेकऱ्यांना विचारलं की का मारता, तर त्यांचंही एकच ठरलेलं. ऐकत नाही. आणि डावऱ्या, ते खरंच बोलत होते. पहिल्या थपडेने पडदा फाटतो, मग तो पिकतो, मग ऐकू कमी येतं. मग ऊठ म्हटलं तर माणूस उठत नाही, बस म्हटलं तर बसत नाही. म्हणजे ऐकत नाही. म्हणजे अजून एक ठेवून द्या. माझ्या लेखाचं सगळं सार एवढंच आहे, बाकीची पानं नुसते आकडे आहेत.

आता तक्ता. समोरून उजव्या हाताने मारलं की डावा कान जातो. सगळ्या बराकींमध्ये डावेच कान गेलेले सापडले. एकट्या तिसऱ्या बराकीत उजवे. लेख तपासणाऱ्या परीक्षकालाही ते खटकलं. त्याने विचारलंय की नोंद करताना डाव्या-उजव्याचा घोटाळा तर झाला नाही ना, झाला असेल तर हा तक्ता वगळावा. म्हणजे माझ्यासाठी पळवाट त्या बिचाऱ्यानेच काढून ठेवली. तूही निरोपात तेच म्हणालास, घोटाळा झाला म्हणून सांग, डावं-उजवं तर आपल्या आईलाही कधी कळलं नाही. वाचताना मला आपण शाळेच्या कवायतीत उभे दिसलो. सगळी रांग एकीकडे वळलेली आणि तू एकटा उलटा, मास्तरांकडे तोंड करून.

बाबांचाही लाडका शब्द हाच होता ना. ऐकत नाही. तू डाव्या हातात पेन्सिल धरलीस की ते समोर येऊन बसायचे आणि उजव्या हाताने द्यायचे. मी शेजारी शुद्धलेखन लिहीत असायची. मान वर केली नाही तर आपल्याला काही होत नाही, हे मला लवकर कळलं होतं. एकदा तुझ्या डाव्या कानातून रक्ताची बारीक रेघ मानेपर्यंत आली. आईने ओल्या फडक्याने ती पुसली, ते फडकं पिळून वाळत घातलं आणि आपल्याला जेवायला वाढलं. त्यानंतर डाव्या बाजूने हाक मारली की तू ओ देईनासा झालास, आणि त्याबद्दल पुन्हा मार खायचास. झोपायचास तो उजव्या कुशीवर, चांगला कान उशीत दाबून. मी का म्हणून विचारलं तर म्हणालास, असं झोपलं ना ताई, की बाबा घरात नसतात.

मग तुला मिसरूड फुटलं आणि एके दिवशी तू हात उचललास. डावाच. बाबा दाराच्या कडीवर आपटले, भुवई फुटली, रक्त डोळ्यात गेलं. ते हात वर करून नको नको म्हणत होते आणि तू थांबत नव्हतास. आईने आणि मी मिळून तुला ओढलं, तर माझंही कोपर तू भिंतीवर चेचलंस. आणि तरी मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. बाबांनी परत कोणावर हात टाकला नाही. तुझ्या हाताला मात्र त्या दिवशी वाट सापडली.

सुताराचं तुला आठवत नसेल, कारण तुझ्यासाठी तो रोजचाच दिवस होता. जेलच्या कारखान्यात दारं-बाकडी करायचा म्हणून सगळे त्याला सुतार म्हणतात. त्या सकाळी तू माझ्या यंत्राची पेटी उचलून पुढे चालला होतास आणि भिंगरीची कसलीशी गंमत सांगून मला हसवत होतास. कोठीसमोर माणसं रांगेत उभी होती. तू म्हणालास, बसा. सगळे बसले. सुतार पाठमोरा उभाच राहिला. तू त्याला खांद्याला धरून फिरवलंस आणि ठेवून दिलीस. ओली फळी मोडावी तसा आवाज आला. तो भिंतीवर गेला, भिंतीवरून तुझ्या पायांशी आला, आणि मग तुझा बूट. आधी पोटात, मग बरगडीत, मग तोंडावर. त्याचा एक दात फरशीवरून घरंगळत माझ्या चपलेपाशी येऊन थांबला. रांगेतला एकही माणूस मान वर करत नव्हता. आणि या सगळ्यात तुझ्या उजव्या हातातली माझी पेटी हललीसुद्धा नाही. यंत्र नाजूक आहे हे मी तुला सांगितलं होतं, ते तू नीट लक्षात ठेवलं होतंस. मग दम खाऊन मला म्हणालास, ऐकतच नाही गं हा. आणि लगेच, ताई, चहा घेणार ना?

मी घेतला. चहा पिऊन मी सुताराला तपासलं. उजव्या कानाला पडदा उरलेलाच नव्हता, तो जुना हिशेब होता, आणि डावा दुसऱ्या कोणीतरी आधीच निकालात काढला होता. बटण दाबायचं ते मी त्याला खुणेने समजावलं. यंत्राचा आवाज मी शेवटपर्यंत वाढवत नेला. तो तोंडात कापडाचा बोळा धरून, बटणावर बोट ठेवून, माझ्याकडे अदबीने बघत बसला होता. काहीतरी चुकेल आणि मीही मारेन अशी त्याला भीती वाटत होती.

तू लिहिलंयस की तक्ता छापला तर नोकरी जाईल, खटला होईल, आणि वर्दीतला माणूस कैदी होऊन आत गेला की त्याचं काय होतं ते तुला माहीत आहे. मला माहीत आहे. मी ते कान बघितलेत. ते तुला कोपऱ्यात घेतील, आणि तुझा एकच कान उरलाय. या विचाराने मला जेवण जात नव्हतं. एकुलता एक भाऊ, तोही असा. मला तुझा संताप येतो, किळस येते, आणि तुला कोणी हात लावला तर मी त्याला फाडून खाईन असंही वाटतं. म्हणून शेवटी मी परीक्षकाला उत्तर लिहून ठेवलं. क्षमस्व, डाव्या-उजव्याचा घोटाळा झाला आहे, तक्ता वगळत आहे. बाकीचा लेख जाईल, कैद्यांचं तेवढंच भलं होईल, भाऊही वाचेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. फक्त पाठवायचं बाकी होतं.

त्याच दुपारी तुझी बायको भिंगरीला घेऊन दवाखान्यात आली. तुला सांगितलं होतं कानातला मळ काढायला जातो म्हणून. खरं म्हणजे बाईंनी शाळेतून चिठ्ठी पाठवली होती की मुलगी वर्गात ऐकत नाही. मी तिला उंच खुर्चीवर बसवलं, ती पाय हलवत होती. डावा कान स्वच्छ होता. उजव्यात दुर्बीण घातली आणि मला तिसरी बराक दिसली. फाटलेला पडदा, वाकडी कड, काळं रक्त. तुझी बायको भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत उभी होती. मी कोणालाच काही विचारलं नाही. भिंगरीच आपणहून म्हणाली की आत्या, मी ऐकते गं, पण बाबांना वाटतं मी ऐकत नाही. ते लिहून ठेवलेलं उत्तर मी पुसलं आणि नवीन लिहिलं. घोटाळा झालेला नाही, नोंदी बरोबर आहेत, त्या बराकीवरचा पहारेकरी डावरा आहे. ते गेलंसुद्धा. पुढच्या अंकात लेख तक्त्यासकट येईल, आणि ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. या दोघी आता तिकडे येणार नाहीत. घरी येऊ नकोस, दार उघडणार नाही. दवाखान्यात ये, एकटा ये, आधी तुझा डावा कान बघते, आणि मग जबाब द्यायला जिथे जायचं तिथे मी तुझ्याबरोबर येईन. भिंगरीचा पडदा जपला तर भरून येईल, लहान मुलांचा येतो. ती माझ्याजवळ झोपते. रोज डाव्या कुशीवर वळते आणि चांगला कान उशीत दाबून घेते. का, ते मी तिला विचारलेलं नाही.

तुझीच,
ताई